मराठवाड्यातले कार्यकर्ते थकतात तेव्हा संस्था काय करते?

मांजराकाठ

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज धागा काढतेय. मी बीड जिल्ह्यात एका संस्थेत आहे. आधी गावोगाव फिरायचे, आता फिरणाऱ्यांचं नियोजन बघते. विषय कार्यकर्त्यांच्या थकण्याचा आहे. उन्हातान्हात हिंडून येणारा थकवा रात्रीच्या झोपेनं जातो, त्याबद्दल नाही. जो झोपेनं जात नाही त्याबद्दल लिहितेय.

आमच्याकडे तो कसा दिसतो ते सांगते. माणूस रडत नाही, राजीनामाही देत नाही. आधी गृहभेटीचे अहवाल एकसारखे व्हायला लागतात. पाच घरांच्या नोंदी वाचा, नावं सोडली तर मजकूर तोच. मग बोलण्यात खवचटपणा येतो. 'त्या बाईचं रोजचंच आहे', 'हे लोक सुधारणारच नाहीत'. जी मुलगी पूर्वी एखाद्या घरात तासभर गप्प बसून राहायची, ती आता दारातूनच सही घेऊन परत फिरते. आणि एक दिवस विचारते, 'ताई, माझ्या कामानं कुणाचं काय भलं झालं, एक तरी नाव सांगा.'

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली रोगांच्या वर्गीकरणात बर्नआउटची व्याख्या दिली ती याच तीन खुणांवर: शक्ती संपणं, कामावरून मन उडणं, आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. पण त्याला आजार म्हटलेलं नाही. कामाच्या ठिकाणचा ताण नीट हाताळला गेला नाही की होणारा परिणाम, अशी ती नोंद आहे. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. आजार म्हटला की औषध ज्याचं त्यानं घ्यायचं. कामातून आलं म्हटल्यावर कामाची मांडणी तपासावी लागते, आणि ती तपासायची जबाबदारी फील्डवरच्या पोरीची नसते.

प्रत्यक्षात काय होतं? वर्षातून एकदा 'स्वतःची काळजी' या विषयावर सत्र. डोळे मिटा, श्वास घ्या, चहा-पोहे, हजेरीवर सह्या, ग्रुप फोटो. जेवणानंतर त्याच हॉलमध्ये पुढच्या तिमाहीचं टार्गेट.

आम्ही एक गोष्ट केली आणि तिचा फरक पडला, म्हणून लिहितेय. आमच्या भागात या कामाला हंगाम असतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. त्याच्या आत कोणती लेकरं मागं राहणार, हंगामी वसतिगृहाच्या याद्या, म्हाताऱ्यांकडे कोण बघणार, गरोदर बायांची कार्डं, सगळं एकदम. फेब्रुवारी-मार्च अहवाल आणि निधी विनियोगाची प्रमाणपत्रं. एप्रिल-मे लग्नसराई, अक्षय्य तृतीयेच्या आधी बालविवाहाचे फोन सुरू होतात आणि रात्री अकराला ग्रामसेवकाला शोधत फिरावं लागतं. जूनमध्ये शाळा आणि पेरणीची उसनवारी. ऑगस्ट-सप्टेंबरला एक तर पावसाचा खंड, नाही तर २०२५ सारखं सगळं वाहून नेणारं पाणी, आणि आत्महत्या झालेल्या घरांच्या भेटी.

या सगळ्यात दोनच फटी सापडतात: निम्मा डिसेंबर ते जानेवारी, आणि जुलै. आम्ही वर्षाच्या सुरुवातीलाच प्रत्येकाची सलग रजा त्या फटींत लिहून टाकतो. मागायची नाही, लिहिलेली असते. घ्यायची नसेल तर कारण द्यावं लागतं. पूर्वी उलटं होतं, घ्यायची तर कारण द्या. मागायची लाज गेली आणि लोक खरंच घरी जायला लागले.

तुमच्याकडे काय चालतं? 'छंद जोपासा' वगळून सांगा, कृपया.

गावगाडा_७२

समाजसेवा म्हणायची आणि रजेचा हिशोब ठेवायचा. बँकेत लागा मग.

मांजराकाठ

गावगाडा, बँकेत लागलेल्या माणसाला रात्री साडेअकराला 'मुलीचं उद्या लग्न लावतायत' असा फोन येत नाही. येत असता तर त्यांच्या युनियननं रजेचा हिशोब आपल्याआधी मांडला असता.

झोळीवाला

वय झालंय, टायपिंग हळू आहे, सांभाळून घ्या.

गावगाडांसारखंच मीही बरीच वर्षं बोलत होतो. आमची पिढी शिबिरांतून आली. मानधन मिळालं तर मिळालं, एसटीचं तिकीट निघालं तरी पुष्कळ. किल्लारीच्या भूकंपात, ३० सप्टेंबर १९९३ ला, पहाट व्हायच्या आधीच धरणी हलली. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून माणसं नुकती पाठ टेकलेली. दगडमातीची जाड भिंतींची घरं, झोपेतच हजारोंनी गेले. आम्ही दुसऱ्या दिवशी पोचलो. पुढचं वर्णन करत नाही.

आमच्यात कुणी समुपदेशक नव्हता, हा शब्दच ऐकलेला नव्हता. पण एक होतं. संध्याकाळी पत्र्याच्या शेडमध्ये सगळे एकत्र जेवायचे. पिठलं-भात. जेवताना दिवसाचं बोलणं व्हायचं, कुणी शिव्या द्यायचं, कुणी नुसतं बसून राहायचं. मग कुणी तरी गाणं म्हणायचं. एखादा जेवायला आला नाही तर दोघं शोधायला जायचे. हे आम्ही मुद्दाम ठरवलेलं नव्हतं, दुसरीकडे जेवणच मिळत नव्हतं.

आज पोरं मोटरसायकलवर एकेकटी फिरतात, भेट झाली की गावातूनच ॲपवर नोंद करतात, रात्री खोलीवर एकटी जेवतात. काम वाढलं असेल, नसेल. एकटेपण नक्की वाढलं.

आणि तेव्हाची एक गोष्ट आमच्या कौतुकाच्या भाषणांत कधी येत नाही. बाहेरून आलेले आम्ही काही आठवड्यांनी आपापल्या गावी परतलो. स्थानिक कार्यकर्त्यांची स्वतःची माणसं गेली होती आणि तीच पोरं याद्या करत होती, पत्रे वाटत होती, मंत्र्यांच्या दौऱ्यात पुढं चालत होती. त्यांना 'तुझं कसं आहे' असं विचारलेलं मला आठवत नाही. त्यातले काही पुढं मोठे झाले. काही पिऊन संपले.

आशा_हिंगोली

तुमचं वाचायले. बरं लिहायलेत. पण मला सांगा, रजा म्हंजी काय? म्या आशा हाव. मला पगार न्हाई, मोबदला हाय, कामावर. काम केलं तर फॉर्म भरायचा, मग पैसे. न्हाई केलं तर न्हाई.

अन् फोन बंद ठेवा म्हणून सांगतेत ट्रेनिंगला. बाई कळा द्यायली अन् म्या फोन बंद ठेवू का? बंद ठेवला तर दार हाय की. समद्या गावाला मपलं घर ठाऊक हाय. हजार माणसामागं एक आशा, अन् ती त्याच गावची सून. सासू म्हणती दवाखान्यालाच घेऊन बस. गावात कुणाचं लेकरू दगावलं तर तिची सासू मला पाण्यावर बोलती, वरीसभर.

तुमचं हापिस सुटतं. मपलं सुटत न्हाई.

दामिनी_जालना

आशाताई, तुम्ही लिहिलंत ते या धाग्यावरचं सगळ्यात खरं आहे. आम्ही शहरात बसून 'सीमारेषा आखा' म्हणतो, ती रेषा गावात कुठून काढणार?

मी कौटुंबिक हिंसाचाराच्या केसेस बघते. आमचं थोडं बरं, कारण केंद्राला दार आहे आणि ते लावता येतं. तरी पहिली काही वर्षं प्रत्येक बाईकडे माझा स्वतःचा नंबर असायचा. रात्री दोनला फोन. कधी बाईचा, कधी तिच्या नवऱ्याचा, 'तू माझं घर मोडलंस'. फोन वाजला की छातीत धस्स व्हायचं, मग तो गॅसवाल्याचा का असेना.

आता आमच्याकडे एकच ड्यूटीचा फोन आहे. साधा, बटणांचा, मुद्दाम. तो आठवड्याला हात बदलतो. ज्याच्याकडे फोन त्याला दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत फील्ड नाही. बाईला पहिल्याच भेटीत कागदावर तीन नंबर लिहून देतो: तात्काळ धोका असेल तर ११२, महिला हेल्पलाइन १८१, आणि आमचा ड्यूटी नंबर. मुलांचा प्रश्न असेल तर १०९८. आमचे खाजगी नंबर नाही. सुरुवातीला बाया नाराज झाल्या, 'ताई बदलल्या' म्हणाल्या. महिन्या-दोन महिन्यांत कळलं की त्यांचाही फायदाच आहे. आधी माझा फोन लागला नाही की त्यांची मदत संपायची. आता कुणी तरी उचलतंच.

ज्याच्याकडे फोन त्यानं वहीत चार ओळी लिहायच्या. सकाळी ती वही दुसऱ्यानं वाचायची आणि सही करायची. ही सही मला रजेपेक्षा जास्त मोलाची वाटते. केस आता दोघांची झाली.

पुणेकर_साधक

खूप महत्त्वाचा विषय. इगतपुरीला दहा दिवसांचं विपश्यना शिबिर प्रत्येक कार्यकर्त्यानं करावं. मौन पाळा, मोबाईल जमा. आयुष्य बदलतं.

दामिनी_जालना

मी केलंय, चांगलं आहे. परत आले तेव्हा त्या दहा दिवसांतल्या तारखा, अर्ज आणि चिडलेल्या बाया टेबलावर वाट बघत होत्या. शिबिराच्या आधी बदली माणूस द्या, मग मौनाचं बघू.

समुपदेशक_लातूर

धाग्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र येतायत, त्या सुट्या करतो. मांजराकाठ ताईंनी लिहिलं ते बर्नआउट. ते हळूहळू चढतं आणि मुख्यतः कामाचं ओझं, हातात अधिकार नसणं, अन्याय्य वागणूक यातून येतं. दामिनी ताईंचं फोन वाजला की धस्स होणं दुसऱ्या जातीचं आहे. दुसऱ्याच्या आघाताचं ऐकून ऐकून तो आघात आपल्याला लागणं. चार्ल्स फिगली या अमेरिकन अभ्यासकानं १९९५ च्या आसपास यावर बरंच लिहिलं. हे एका केसनंही होऊ शकतं, अगदी नव्या, उत्साही माणसाला. लक्षणं वेगळी: ऐकलेला प्रसंग डोळ्यांसमोर येणं, झोपेत दचकणं, आपल्याच लेकरांना बाहेर सोडायची भीती, ठरावीक गाव किंवा रस्ता टाळणं.

फरक का महत्त्वाचा? बर्नआउटवाल्याला रजा आणि कामाची फेरमांडणी मिळाली की तो सावरतो. आघात लागलेल्याला नुसती रजा दिली तर तो घरी बसून तेच बघत राहतो. त्याला बोलायला प्रशिक्षित माणूस लागतो आणि काही काळ तशा केसेसपासून लांब ठेवावं लागतं, बाकी काम चालू ठेवून.

तिसरी गोष्ट, दोन आठवड्यांहून जास्त कशातच रस नाही, भूक-झोप बिघडली, जगून काय उपयोग असं येतंय, तर त्याला 'कामाचा ताण' म्हणत बसू नका. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ वर आहे, मोफत, चोवीस तास, मराठीत. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. आपण दुसऱ्यांना रोज हे नंबर देतो आणि स्वतः लावायला लाजतो, हे मी माझ्या व्यवसायातही बघतो.

एक छोटी सवय सुचवतो, पैसे लागत नाहीत. आपल्या कार्यालयात एक प्रकार सर्रास चालतो. एक जण पोक्सोची, म्हणजे लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची, केस करून येतो आणि चहाच्या टपरीवरच सगळा प्रसंग तपशिलांसकट सांगून टाकतो. त्याला मोकळं वाटतं आणि ऐकणाऱ्या चौघांच्या डोक्यात ते चित्र बसतं. म्हणून आधी विचारा, 'एक जड केस आहे, आता ऐकायची तयारी आहे का?' मग स्वतःला काय झालं ते सांगा, मुलीला काय झालं ते नाही. 'ऐकताना माझे हात थरथरत होते' एवढं पुरतं. तसंही पोक्सो कायद्यात आणि बाल न्याय कायद्यात मुलाची ओळख उघड करण्याला बंदी आहे. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर नाव-गाव-फोटो टाकणारे माझ्या पाहण्यात चांगले चांगले आहेत. तेही थांबवा.

कोयत्यावरचा

सर, या दोन्हींत न बसणारं एक सांगू का?

माझे आई-वडील अजून तोडीला जातात. मी समाजकार्यात एमएसडब्ल्यू केलं, आता अकरा महिन्यांच्या करारावर तोडीच्याच लोकांमध्ये काम करतो. मला आघात नवीन नाही. बाईचं गर्भाशय काढलेलं, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटलेली नाही, पोरगी चौदाव्या वर्षी उजवली, हे माझ्या नात्यातलंच आहे. मला ऐकून झोप जात नाही.

झोप जाते ती वेगळ्या कारणानं. आत्महत्या झालेल्या घरी गेलो की बाई विचारते, 'पात्र झालं का?' अशा घराला सरकारी मदत लाखाची. तीस हजार हातात, सत्तर हजार ठेवीत. ती मिळण्यासाठी जमीन कुणाच्या नावावर, कर्ज बँकेचं की परवानाधारक सावकाराचं, वसुलीचा तगादा होता का, हे सगळं बसायला लागतं. आमच्याकडे जमीन वडिलांच्या नावावर, कर्ज बिगर परवान्याच्या माणसाकडचं, तगादा तोंडी. अपात्र. मला पहिल्या भेटीतच कळलेलं असतं. तरी मी कागद गोळा करायला सांगतो, कारण माझ्या अहवालात 'शासकीय योजनेशी जोडणी' असा रकाना आहे. तिला चार वेळा तहसीलला पाठवतो. नंतर तिच्या दारावरून जाताना गाडी जोरात काढतो.

हे थकणं नाही सर. काय करायला पाहिजे ते माहीत असून आपण दुसरंच करत राहतो त्याचं आहे. आणि माझा पगार थकलेला असताना मला एका हॉटेलात 'आनंदी कार्यकर्ता' कार्यशाळेला बसवलं होतं. संस्थेचं नाव सांगत नाही. जेवण चांगलं होतं.

झोळीवाला

बाळा, तू जे लिहिलंस ते दोनदा वाचलं.

समुपदेशक_लातूर

कोयत्यावरचा, बरोबर आहे तुझं, हे तिसरं आहे. सैनिकांवर अभ्यास करणाऱ्यांनी आधी मांडलं, नंतर आरोग्यसेवेतही दिसलं: नीतीला लागलेली इजा. याला श्वासाचे व्यायाम नाहीत. मी ज्या कार्यकर्त्यांना भेटतो त्यांच्यात दोन गोष्टींनी थोडा उतार पडलेला दिसला. एक, पहिल्याच भेटीत खरं सांगणं: 'हे माझ्या हातात आहे, हे नाही, आणि याची शक्यता कमी आहे.' दोन, जे अन्यायकारक वाटतं त्याची नोंद कुठे तरी वरपर्यंत जाणं. अपात्र झालेल्या केसेस कारणांसकट एकत्र करून जिल्हा समितीपुढं ठेवणं, पत्रकाराला देणं, संघटनेला देणं. निकाल लागेल असं नाही. पण आपण त्या अन्यायाचे कारकून उरत नाही.

कोयत्यावरचा

खरं सांगितलं तर रकाना रिकामा राहतो.

मांजराकाठ

रकाना बदलायचा. मी माझ्या संस्थेत 'जोडणी'च्या शेजारी 'अपात्र, कारण' असा रकाना घालून घेतला. देणगीदार आधी कुरकुरले, मग तोच मजकूर त्यांनी स्वतःच्या अहवालात वापरला. हे प्रत्येक ठिकाणी जमेल असं म्हणत नाही. आणि पगार थकवून कार्यशाळा घेणाऱ्यांना मी काय म्हणते ते इथं लिहिलं तर धागा उडेल.

हिशोबनीस

मी संस्थांचे हिशोब बघतो. कार्यकर्ता नाही, त्यामुळे रुक्ष बोलतो.

तुम्ही सगळे जे मागताय, म्हणजे बदली माणूस, ड्यूटीचा फोन, बाहेरचा तज्ज्ञ, वेळेवर पगार, याला पैसा लागतो आणि तो कुठल्या शीर्षाखाली टाकायचा हा खरा घोळ आहे. परदेशी निधीच्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती झाली. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली. आणि एका संस्थेनं दुसरीला तो निधी पुढं द्यायला बंदी आली. तालुक्यातल्या छोट्या संस्था मुंबई-पुण्याच्या मोठ्या संस्थांमार्फत चालायच्या, त्यांचा नळच बंद झाला. माणसं कमी झाली, गावं तीच राहिली. तुमच्या थकव्यातला एक मोठा हिस्सा इथून आलाय, त्याला ध्यानधारणेचा इलाज नाही.

आता करता येण्यासारखं. प्रस्तावात 'कर्मचारी कल्याण' अशी ओळ कधीही टाकू नका. वाटाघाटीत तीच पहिली उडते. 'केस आढावा व कौशल्य प्रशिक्षण, दरमहा एक दिवस, बाह्य मार्गदर्शकाचं मानधन व प्रवास' असं लिहा आणि उद्दिष्टांच्या तक्त्यात 'वर्षभरात इतक्या केसेसचा आढावा' असा आकडा द्या. प्रशिक्षणाच्या कामावरच्या माणसांचा पगार नियमांत प्रशासकीय खर्चात धरत नाहीत, पण तुमच्या बाबतीत कसं बसेल ते आपल्या सीएला विचारून घ्या, माझ्या शब्दावर जाऊ नका. ड्यूटीचा फोन थेट कार्यक्रम खर्चात. आणि संस्थेची सर्वसाधारण देणगी येते ती इमारतीच्या रंगात घालवण्याआधी पगाराचा राखीव निधी करा. हप्ता उशिरा येतो हे दरवर्षीचं आहे, त्यात आश्चर्य वाटून घेण्यासारखं काही राहिलेलं नाही.

गावगाडा_७२

हिशोबनीस यांच्याशी सहमत. (हे मी लिहीन असं वाटलं नव्हतं.)

भजनी_तुळजापूर

छंद वगळून म्हणालात तरी मी माझं घुसवतो. मी गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतो. तिथं मला कुणी सर म्हणत नाही, हात चुकला की बुवा सगळ्यांसमोर झापतात. आठवड्यातून दोन तास मी कुणाचाही उद्धारकर्ता नसतो. बाकी काय उपयोग आहे माहीत नाही.

दामिनी_जालना

तुमचं चालेल. आम्ही बंदी 'छंद जोपासा' या उपदेशावर घातली होती.

मांजराकाठ

बाहेरचा मार्गदर्शक आणायला पैसे नाहीत असं व्यनिमधून (व्यक्तिगत निरोपातून) बऱ्याच जणांनी विचारलं. आम्ही शेजारच्या तालुक्यातल्या एका संस्थेशी अदलाबदल केली. त्यांची अनुभवी ताई महिन्यातून एका शनिवारी आमच्याकडे येते, आमचे दादा त्यांच्याकडे जातात. ती आमची वरिष्ठ नाही, तिच्या हातात आमचं मूल्यमापन नाही, म्हणून पोरं तिच्यासमोर बोलतात. माझ्यासमोर बोलत नाहीत आणि ते बरोबरच आहे, करार मी वाढवते. त्या दोन तासांत टार्गेट हा शब्द काढायचा नाही. एक जण एक केस मांडतो, नाव न घेता, आणि 'मी कुठं अडकलोय' एवढंच सांगतो. बाकीच्यांनी आधी प्रश्न विचारायचे, सल्ले नंतर. आपल्या लोकांना सल्ला अडवणं फार जड जातं, सुरुवातीला हात वर करून थांबवावं लागायचं.

आशाताई, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. मोबदल्याऐवजी ठरावीक पगार मिळेपर्यंत रजेचं बोलणं तुमच्यापुढं करू नये हे मला कळतं. २०२३ मध्ये तुमच्या संपाला आमच्यासारख्या संस्थांनी नुसता पाठिंबा जाहीर केला, मंडपात किती जण बसले विचाराल तर फार नाही. पण शेजारच्या गावच्या आशेशी काही जमतं का?

आशा_हिंगोली

जमवलंय थोडं. शेजारच्या गावची आशा मपली मैतरीण हाय. म्या माहेराला गेले की ती मपल्या गावच्या गरोदर बाया बघती, ती गेली की म्या. आमच्यावरच्या गटप्रवर्तक ताईला सांगून ठिवलंय, तिनं कागदावर काय केलं न्हाई पण अडवलंबी न्हाई. मोबदला ज्याच्या गावचा त्याला, असं आमचं ठरलंय. यंदा म्या पाच दिस माहेरी राह्यले. आईनं काईच काम लावू देलं न्हाई.

पर पुराच्या टायमाला दोघीबी अडकलो. तिचं घर पाण्यात, मपलं रान खरडून गेलं. तवा म्या क्लोरीनच्या गोळ्या वाटायले अन् लोक विचारायले, तुमच्या रानाचा पंचनामा झाला का. झाला नव्हता. मपल्या पंचनाम्याला म्या घरी नव्हते ना.

झोळीवाला

मी त्र्याण्णवचं लिहिलं ते हेच. कुठल्याही आपत्तीत मदतवाटपाची यादी करताना कार्यकर्त्यांची, आशांची, अंगणवाडी ताईंची घरं आधी बघून घ्यावीत. वशिला म्हणून नव्हे. ज्याचं स्वतःचं वाहून गेलंय त्याला पहिले काही दिवस वाटपाला लावू नये, बाहेरच्या जिल्ह्यातून माणसं आणावीत. तेव्हा कुणी केलं नाही. आता ओळखी आहेत, एका फोनवर गाडी भरून पोरं येतात.

समुपदेशक_लातूर

झोळीवाला काकांच्या सूचनेत एक भर. बाहेरून येणाऱ्यांना राहायला वेगळं देऊ नका, स्थानिकांबरोबरच जेवू द्या. तुमची ती पिठल्याची पंगत कुठल्याही पुस्तकातल्या पद्धतीपेक्षा कमी नव्हती. फक्त ती स्वयंपाक करणाऱ्या बाईवर एकटीवर पडू नये एवढं बघा. ती पण टीममध्येच असते.

कोयत्यावरचा

दामिनी ताई, ड्यूटीच्या फोनचा तक्ता मिळेल का? आमच्याकडे चारच माणसं आहेत, त्यात दोघांना रात्री गाडी चालवता येत नाही.

दामिनी_जालना

चारात जमतं. गाडी चालवता येत नसेल तरी फोन घेता येतो. रात्री स्वतः जायचं नसतंच, पोलिसांना आणि ग्रामसेवकाला उठवायचं असतं. कोणत्या गावाला कोणतं ठाणं, बालविवाह असेल तर कोणाला, ही यादी फोनच्या मागे चिकटवून ठेवा. सरकारी माणसांच्या बदल्या होतात, दर तिमाहीला नंबर लावून बघा. दोन नंबर बंद निघतातच.

तक्ता व्यनि केलाय. दिवाळीच्या आठवड्याची पाळी त्यात रिकामी आहे, आमच्याकडेही त्यावरून अजून भांडण चालू आहे.